एलोकेशीच्या नावाचा खटला कुठाय?

एलोकेशी हे नाव आपल्याकडं फारसं कुणाला ठाऊक नाही. बंगालात एकेकाळी ते पोराटोरांच्या तोंडी होतं. कलकत्त्याच्या बाजारात तिच्या नावाच्या साड्या निघाल्या, पानाचे डबे निघाले. कालीघाटच्या चिताऱ्यांनी तिची चित्रं यात्रेकरूंना विकली. नाटकवाल्यांनी तिच्यावर थिएटरं भरली. हे सगळं झालं तेव्हा ती जिवंत नव्हती. सोळा वर्षांची होती. नवऱ्यानं मासे कापायच्या विळीनं तिचा गळा चिरला. तारीख २७ मे १८७३.

त्याच आठवड्यात इकडं पुण्यात जोतीराव फुले 'गुलामगिरी'च्या इंग्रजी प्रस्तावनेखाली १ जून १८७३ ही तारीख घालत होते. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. इकडं एक माळी माणूस देवाच्या नावानं चाललेल्या धंद्याचा हिशेब मांडत होता आणि तिकडं तोच धंदा एका पोरीला गिळून बसला होता.

मी हा खटला मुद्दाम निवडला. आपल्यात कोर्टाचा निकाल लागला की दोनच बोलणी ऐकू येतात. आरोपी आत गेला की 'न्याय मिळाला', सुटला की 'जज विकला गेला'. मधली गोष्ट कुणी विचारत नाही. कलम कोणतं लागलं होतं? फिर्याद कुणाच्या नावानं होती? कोर्टापुढं प्रश्न कोणता ठेवला होता? एलोकेशीच्या प्रकरणात दोन खटले झाले, ज्युरी बसली, ज्युरीनं आरोपीला सोडलं, जज उलटला, मामला हायकोर्टात गेला, शिक्षा झाल्या, देशभर बोंब झाली. आणि तिच्यावर जो अत्याचार झाला त्याचा खटला मात्र कुठंच झाला नाही. हे कसं घडतं ते आपण शिकून घेतलं पाहिजे. शिव्या देऊन भागणार नाही.

आधी हकीकत.

तारकेश्वर हे हुगळी जिल्ह्यातलं शंकराचं मोठं ठाणं. नवसाला पावणारा देव म्हणून दुरून लोक येतात. देवळाचा कारभार दशनामी गोसाव्यांच्या मठाकडं होता. मठाला जमिनी होत्या, कुळं होती, काठ्या घेऊन फिरणारी माणसं होती. महंत म्हणजे नुसता पूजा करणारा माणूस नव्हे, तो जमीनदार. ह्या गादीला रक्त नवं नव्हतं. १८२४ साली श्रीमंत गिरी नावाच्या महंताला कंपनी सरकारनं फाशी दिलं होतं. आपल्या रखेलीच्या यारास मारलं म्हणून. पन्नास वर्षांनी गादीवर होता माधवचंद्र गिरी.

एलोकेशीचं माहेर तारकेश्वरजवळच्या कुमरूल गावात. बाप नीलकमल मुखोपाध्याय, घरात सावत्र आई. नवरा नवीनचंद्र बॅनर्जी कलकत्त्यात सरकारच्या मिलिटरी छापखान्यात नोकरीला. तो तिकडं, बायको बापाकडं. ब्राह्मणाचं घर, पण पैशाची ओढाताण. महंत मूल होण्यासाठी औषध देतो अशी ख्याती होती. पोरीला औषधासाठी त्याच्याकडं नेण्यात आलं. तिला गुंगीचं काहीतरी पाजून त्यानं तिच्यावर बलात्कार केला, ही त्या काळी सगळ्या बंगालात सांगितली गेलेली गोष्ट. मग ते चालूच राहिलं. बापाला आणि सावत्र आईला ते माहीत होतं, त्यांनी पैशासाठी पोरगी पुढं केली, असंही म्हटलं गेलं. दुसरी बाजू म्हणत होती की पोरगी स्वतःच्या मर्जीनं जात होती.

मे महिन्यात नवीन गावी आला. गाव हसत होतं. त्यानं बायकोला विचारलं. तिनं सगळं सांगितलं. त्यानं तिला माफ केलं आणि कलकत्त्याला घेऊन जायचं ठरवलं. महंताच्या माणसांनी वाट अडवली. गाव सोडता येईना. मग नवीननं विळी उचलली. महंताकडं जाणारी वाटही त्याला माहीत होती. तिकडं तो गेला नाही. बायकोला मारून तो सरळ पोलिसांकडं गेला आणि मी मारलं, मला लटकवा असं सांगून मोकळा झाला.

आता कायदा बघू. कारण खरी गोष्ट इथं सुरू होते.

इंडियन पीनल कोड १८६० चा, लागू झाला १ जानेवारी १८६२ पासून. त्यात बलात्काराचं कलम ३७५-३७६ होतं, शिक्षा जन्मठेपेच्या काळ्या पाण्यापर्यंत. नशेत ज्याला काय चाललंय हे कळत नाही त्याची संमती ही संमतीच नव्हे, असं कलम ९० होतं. गुंगीचं औषध पाजून इजा करणं हा वेगळा गुन्हा, कलम ३२८. म्हणजे 'तेव्हा कायदाच नव्हता' असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. कायदा होता. कागदावर सगळं होतं.

महंतावर लागलं कलम ४९७. व्यभिचार.

हे कलम नीट समजून घ्या. मेकॉलेनं १८३७ साली जो मसुदा केला त्यात व्यभिचार हा फौजदारी गुन्हा नव्हता. नंतरच्या लोकांनी तो घातला. काय घातलं? जी दुसऱ्याची बायको आहे असं माहीत आहे तिच्याशी, त्या नवऱ्याच्या परवानगीशिवाय किंवा त्यानं काणाडोळा केल्याशिवाय, पुरुषानं संबंध ठेवला तर पाच वर्षांपर्यंत कैद. बाईची परवानगी होती की नव्हती हा प्रश्नच नाही, परवानगी नवऱ्याची. आणि कलमातच पुढं लिहिलेलं होतं की हा संबंध बलात्कार ठरणारा नसावा. म्हणजे व्यभिचाराचं कलम लावलं त्या क्षणी सरकारनं कागदावर मान्य केलं की बलात्कार झालेला नाही. पुरावा ऐकायच्या आधीच. साक्षीदार उभा राहायच्या आधीच.

फिर्याद कुणाची? व्यभिचाराची फिर्याद फक्त नवरा करू शकत होता. माल ज्याचा, तक्रार त्याची. म्हणून ज्यानं एलोकेशीचा गळा चिरला तोच नवीन, खुनाचा आरोपी असताना, महंताच्या खटल्यात अन्याय झालेला माणूस म्हणून फिर्यादी झाला. कायद्याच्या नजरेत या सगळ्यात नुकसान त्याचं झालं होतं. एकदा वाचून कळलं नाही तर पुन्हा वाचा, मीही दोनदा वाचलं.

आणि मेलेल्या पोरीचं म्हणणं? १ सप्टेंबर १८७२ पासून पुराव्याचा कायदा लागू झाला होता. मेलेल्या माणसाचं बोलणं कोर्टात येऊ शकतं, पण ते त्याच्या मरणाच्या कारणाविषयी असेल तर. महंतानं माझं काय केलं हे तिनं नवऱ्याला सांगितलं होतं. खुनाच्या खटल्यात त्या बोलण्याला एकच किंमत उरली, नवऱ्याचं डोकं किती फिरलं होतं ते दाखवायला. तिचा शब्द कोर्टात आला तो तिच्या मारेकऱ्याच्या तोंडून आणि त्याच्याच बचावासाठी.

त्याच १८७२ च्या कायद्यात कलम १५५ चं चौथं पोटकलम होतं. बलात्काराच्या खटल्यात तक्रार करणारी बाई 'एकंदरीत अनीतिमान' आहे असं दाखवून तिची साक्ष मोडायची मुभा त्यानं वकिलाला दिली. ते पोटकलम १८७२ पासून २००३ पर्यंत होतं. एकशे तीस वर्षं. स्वातंत्र्य आलं, संविधान आलं, ते होतंच. एलोकेशी जगली असती, बलात्काराची फिर्याद घेऊन उभी राहिली असती, तर पहिला प्रश्न तिला हाच पडला असता : किती वेळा गेलीस? त्या काळच्या डॉक्टरी विद्येचंही तेच. नॉर्मन चेव्हर्स नावाच्या इंग्रज डॉक्टरचं हिंदुस्थानातल्या न्यायवैद्यकावरचं जाडं पुस्तक सगळीकडं वापरलं जाई. त्यात ह्या देशात बलात्काराच्या खोट्या तक्रारी कशा केल्या जातात यावर भर. साहेब डॉक्टर आणि देशी वकील यांचं एका गोष्टीवर कधी भांडण झालं नाही. बाई खोटं बोलते.

आता ज्युरी.

ज्युरी म्हणजे आपल्या आजच्या पोरांना सिनेमातली गोष्ट वाटते. इंग्रजांनी १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं काही निवडक जिल्ह्यांत सेशन्स कोर्टात ज्युरी आणली. हुगळी त्यातला एक. मुंबई इलाख्यात पुण्यासारख्या थोड्या ठिकाणी पुढं आली. यादी कोण करणार? कलेक्टर आणि सेशन्स जज. कुणाची नावं? शिक्षण आणि चारित्र्य बघून लायक वाटतील त्यांची. एकोणिसाव्या शतकात शिक्षण कुणाकडं होतं आणि चारित्र्याचं सर्टिफिकेट कुणाला मिळत होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. बाई त्यात नाही. ज्याची सावली चालत नव्हती तो त्या बाकावर बसेल ही कल्पनाही कुणाच्या डोक्यात आली नसेल. लोकशाही म्हणून ज्युरीचं कौतुक ऐकतो तेव्हा मला गावकी आठवते. पारावर बसलेली पाच-सात डोकी, सगळी एकमेकांची सोयरी, आणि खाली उभा असलेला माणूस. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याचं काय वर्णन केलं ते आपल्याला पाठ आहे. ज्युरी म्हणजे कोर्टाच्या आत आणून बसवलेलं तेच खेडं.

श्रीरामपूरला (हे हुगळीतलं, आपलं नगरकडचं नव्हे) नवीनवर खुनाचा खटला चालला. सेशन्स जज फील्ड. गर्दी एवढी की आत यायला पैसे घ्यावे लागले. बचाव होता वेडेपणाचा. कृत्य करताना आपण काय करतो हे त्याला कळत नव्हतं, कलम ८४. हिंदी ज्युरीनं ते मानलं आणि नवीनला निर्दोष सोडलं.

तो वेडा होता का? बायकोशी बोलला, तिचं ऐकलं, माफ केलं, गाव सोडायचा बेत केला, वाट अडवली गेल्यावर घरी आला, विळी उचलली, मारलं, चालत पोलिसांकडं गेला, कबुली दिली. ज्युरीला वेड दिसलं नाही, तिला दिसला नवरा. बाटलेल्या बायकोला मारणारा नवरा शिक्षेला पात्र नाही हे त्यांच्या मनातलं कलम, आणि ते पीनल कोडात सापडेना म्हणून त्यांनी कलम ८४ चं पांघरूण घातलं. मनुस्मृतीनं नवऱ्याला बायकोचा मालक केलं, ज्युरीनं त्या मालकीची पावती फाडली.

याच्या आधीच्या कायद्यात निर्दोष सुटलेल्याविरुद्ध अपील नव्हतं. पण १८७२ ची नवी फौजदारी संहिता नुकतीच आली होती. फिट्झजेम्स स्टीफन हा तिचा कर्ता, पुराव्याचा कायदाही त्याचाच. या संहितेनं दोन वाटा उघडल्या. आरोपी सुटला तर सरकार अपील करू शकेल. आणि ज्युरीचा निकाल जजला पटला नाही तर तो सगळा मामला हायकोर्टाकडं पाठवू शकेल. फील्डनं दुसरी वाट धरली. कलकत्ता हायकोर्टानं वेडेपणा फेटाळला, ज्युरीचा निकाल बाजूला सारला आणि नवीनला खुनाबद्दल जन्मठेपेचं काळं पाणी दिलं.

इथं आपल्यातले काही जण टाळ्या वाजवतील. बघा, देशी ज्युरीनं बाईचा जीव कवडीमोल केला, गोऱ्या जजनं न्याय केला. खुनापुरतं ते खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. फील्ड बरोबर होता. पण त्याच फील्डनं दुसऱ्या बाजूला काय नोंदवलं? एलोकेशी महंताशी हसताना, थट्टा करताना दिसली होती, यावरून संबंध सिद्ध होतो. हसली. सोळा वर्षांची पोरगी, बाप विकून बसलेला, नवरा कलकत्त्याला, समोर तालुक्याचा मालक. ती हसली हा पुरावा झाला. ती का हसली हे विचारायला कलम ४९७ मध्ये जागाच नव्हती. जज गोरा होता, ज्युरी काळी होती, बाईच्या तोंडाकडं बघायची पद्धत एकच.

महंत अटक टाळायला फ्रेंचांच्या चंदननगरात पळाला होता. शेवटी सापडला. तीन वर्षं सक्तमजुरी आणि दोन हजार रुपये दंड. अपिलातही शिक्षा राहिली. मठाच्या उत्पन्नापुढं दोन हजार म्हणजे किती, तुम्हीच ठरवा. तुरुंगात त्याला तेलाच्या घाण्याला जुंपलं. चिताऱ्यांनी तेही चित्र काढलं आणि बाजारात त्याच्या हातच्या तेलाचं म्हणून डोकेदुखीचं औषधही विकलं गेलं. माणसं पापाचंही तेल काढून विकतात.

भद्रलोक भडकले. कशावर? नवीनला जन्मठेप जास्त झाली आणि महंताला तीन वर्षं कमी झाली यावर. ही सगळी बोंब दोन पुरुषांच्या शिक्षेची तुलना होती. सह्या गोळा झाल्या, दयेचे अर्ज गेले, पेपरांनी मोहीम चालवली. १८७५ मध्ये नवीन सुटला. जन्मठेप दोनेक वर्षांत संपली. बंगाल थिएटरमध्ये 'मोहंतेर एइ कि काज' हे नाटक तुफान चाललं. महंताला हे शोभतं का, असा त्या नावाचा अर्थ. प्रश्न महंताच्या शोभेचा.

या दयेच्या शेजारी मला एक दुसरा अर्ज ठेवायचा आहे, आपल्याच मुंबई इलाख्यातला. १८८१ साली सुरतेकडं विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेनं जन्मलेलं मूल मारलं म्हणून तिला फाशी सुनावली गेली. अपिलात फाशी टळली, काळं पाणी आलं, शेवटी ते पाच वर्षांवर आलं. मूल देणाऱ्या पुरुषाचं नाव कुठल्याही आरोपपत्रात नव्हतं. पेपरवाले बायकांच्या अनीतीवर अग्रलेख लिहीत होते. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे चिडल्या आणि त्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. सत्यशोधक घरातली मराठा बाई, आणि बाजू घेतली ब्राह्मण विधवेची. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेही अशाच विधवांसाठी. कलकत्त्याच्या भद्रलोकांत एलोकेशीसाठी अशी ताराबाई निघाली नाही. तिच्यावर लिहिणारे खूप निघाले. तिच्या बाजूनं, नवऱ्याच्या विरुद्ध आणि महंताच्याही विरुद्ध, एकाच वेळी उभं राहणं त्यांना झेपलं नाही.

सतरा वर्षांनी पुन्हा कलकत्ता. १८९० मध्ये फुलमणी दासी नावाची अकरा वर्षांच्या आसपासची पोरगी नवऱ्याच्या जबरदस्तीनं रक्तस्राव होऊन मेली. नवरा हरिमोहन मैती तिच्याहून कितीतरी मोठा. बलात्काराचं कलम लागलं नाही, कारण तेव्हा दहा वर्षांवरची बायको ही नवऱ्याला मोकळी होती. ज्युरीनं जड कलमांतून त्याला सोडलं आणि निष्काळजीपणानं जबर दुखापत केल्याच्या कलम ३३८ खाली धरलं. शिक्षा एक वर्ष. त्या मरणावरून १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला, दहाचं बारा झालं. त्याला विरोध करण्यात आपल्या पुण्याचे टिळक पुढं होते, हे शाळेच्या पुस्तकात बारीक अक्षरात असतं. आणि पुढं ऑक्टोबर १८९२ मध्ये बंगाल सरकारनं खुनासारखे गुन्हे ज्युरीकडून काढून घेतले तर देशभर सभा झाल्या. ज्युरी हा आमचा हक्क! १८९३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. पोरीचं वय दोन वर्षांनी वाढवलं तर धर्म बुडाला म्हणून सभा, आणि पुरुषांच्या बाकावरची जागा गेली तर हक्क बुडाला म्हणून सभा.

गोऱ्यांची ज्युरी वेगळी होती असं समजू नका. इल्बर्ट बिलाच्या भांडणात साहेब लोकांनी १८८४ मध्ये हक्क मिळवला की आपल्यावर खटला चालला तर निम्मी तरी ज्युरी युरोपियन किंवा अमेरिकन असावी. १८९९ मध्ये रंगूनला वेस्ट केंट पलटणीच्या सोल्जरांनी एका बर्मी बाईवर सामूहिक बलात्कार केला. इथं कलम बरोबर होतं, बलात्काराचंच. ज्युरीनं सोडून दिलं. व्हाइसरॉय कर्झन संतापला, पलटण शिक्षा म्हणून एडनच्या उन्हात पाठवली. सैन्याची आणि साम्राज्याची अब्रू गेली म्हणून. एडनला पलटण गेली, बाईच्या पदरात काय पडलं?

ज्युरी आपल्याकडून कशी गेली तेही सांगतो, कारण तिथंही हाच साचा आहे. मुंबईत १९५९ मध्ये नौदलाचा कमांडर नानावटी यानं बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं सोडला. सेशन्स जज उलटला आणि त्यानं मामला हायकोर्टाकडं पाठवला, म्हणजे फील्डनं १८७३ मध्ये वापरली होती तीच वाट, फक्त कलमाचा नंबर आता ३०७. हायकोर्टानं जन्मठेप दिली, १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानं कायम केली, पेपरांनी मोहीम केली आणि १९६४ मध्ये माफी. बघा जुळतंय का. ज्युरी, जज, हायकोर्ट, पेपर, माफी. शहाऐंशी वर्षांत नवऱ्याबद्दलची माया तसूभर हलली नव्हती. १९७३ च्या फौजदारी संहितेत ज्युरी उरली नाही.

ज्युरी गेली. मग सुटलं का सगळं?

२६ मार्च १९७२. देसाईगंज पोलीस ठाणं, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. मथुरा ही आदिवासी पोरगी, अनाथ, मजुरीवर जगणारी. ठाण्यातच पोलिसांनी अत्याचार केला. इथं ज्युरी नव्हती, शिकलेला न्यायाधीश होता. सेशन्स कोर्टानं १९७४ मध्ये पोलिसांना सोडलं. तिला शरीरसंबंधाची सवय आहे, म्हणून संमती. अपिलात नागपूर खंडपीठानं १९७६ मध्ये निकाल फिरवून दोघांना शिक्षा दिली. भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, एवढी साधी गोष्ट त्या खंडपीठाला कळली. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं दोघांना पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. एलोकेशी हसली होती, मथुरा ओरडली नाही. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या शिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कोठडीतल्या बलात्काराचा कायदा बदलला. मथुरेच्या निकालात त्यानं काही फरक पडला नाही.

आणि खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे. आपण मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना खुनाबद्दल दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली. आपल्यातल्या कित्येकांनी पेढे वाटले. पण कागद वाचा. बलात्काराचा आरोप ठेवलाच गेला नव्हता. विनयभंगाचा होता, तो सिद्ध झाला नाही म्हणून सुटले. अॅट्रॉसिटीचा कायदा लागत नाही असं ठरलं. म्हणजे निकालानुसार ते चार खून झाले, पण जातीमुळं नाही आणि बाईवर हात टाकून नाही. २०१० मध्ये हायकोर्टानं फाशी काढून पंचवीस वर्षांची कैद दिली, जात तेव्हाही कागदावर आली नाही.

मी स्वतः एका ठाण्याच्या बाकावर बसून बघितलंय. बाई सांगत असते, हवालदार लिहीत असतो. ती सांगते 'ओढत नेलं', तो लिहितो 'बाचाबाची झाली'. ती जातीवरनं दिलेली शिवी सांगते, तो लिहितो 'अश्लील शिवीगाळ'. मग तो कागद वाचून दाखवतो भरभर आणि म्हणतो, आक्का, अंगठा द्या. आम्ही त्या रात्री बसून राहिलो, कागद पुन्हा लिहायला लावला, पहाटेचे तीन वाजले. त्या एका रात्रीत मला फील्ड, मार्कबी, सगळे हायकोर्टवाले जेवढे कळले तेवढे पुस्तकातनं कळले नव्हते. वरच्या कोर्टात जज चांगला की वाईट हा प्रश्न फार पुढचा. त्याच्यापुढं येणारा प्रश्न खाली, ह्या बाकाशेजारी, आधीच ठरून गेलेला असतो.

तारकेश्वरच्या गादीचं पुढं काय झालं ते थोडक्यात. १९२४ मध्ये महंत सतीश गिरीच्या जुलमाविरुद्ध तिथं सत्याग्रह झाला, चित्तरंजन दास त्यात उतरले. देवस्थानाच्या पैशाचा आणि कुळांच्या छळाचा मोठा बोभाटा झाला. एलोकेशीची चित्रं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमपर्यंत पोचली आहेत, कालीघाट शैलीचे नमुने म्हणून.

कलम ४९७ मात्र इथंच राहिलं. नवरा मालक, बायको माल, हे वाक्य न लिहिता सांगणारं ते कलम इंग्रज गेल्यावरही एकाहत्तर वर्षं पीनल कोडात होतं. सुप्रीम कोर्टानं ते २७ सप्टेंबर २०१८ ला रद्द केलं. एलोकेशीला मरून तेव्हा एकशे पंचेचाळीस वर्षं झाली होती.